न्हाव्याच्या दारात अडकलेली बेरीज

मीटरकाकांना अर्धांगाचा झटका आला. तिसऱ्या दिवशी जीभ जराशी वळायला लागली, तेव्हा पलंगाशेजारी उभ्या असलेल्या मुलीला वाटलं, आता बाबा विचारणार, मी पुन्हा चालेन का. बाबांनी विचारलं, "माझ्या गल्ल्या कोणाला दिल्या?" निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती आणि गल्ल्या केव्हाच दुसऱ्याच्या झाल्या होत्या. पण चौतीस वर्षं ज्याने दारोदार फिरून पाण्याची मीटरं वाचली, त्याला एवढं विसरायची मुभा असावी. मुलीने "अजून कोणालाच नाही," असं ठोकून दिलं आणि बाहेर जाऊन रडून घेतलं.

पुढच्या आठवड्यात जीभ पूर्ण ताळ्यावर आली आणि मग ती थांबेचना. हातही बऱ्यापैकी सुधारला. अडला तो उजवा पाय. दोन महिन्यांनी घरी आले तेव्हा मीटरकाका पलंगापासून दारापर्यंत जायचं म्हटलं तरी घामाघूम होत होते. व्यायाम शिकवायला फिजिओबाई आल्या. बुटक्या, गोल आणि आवाज असा की शेजारच्यांनीही हात वर करावेत. त्यांनी आतल्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बोळात भिंतीला लाकडी कठडा लावून घेतला, चार पायांची काठी हातात दिली आणि फर्मान काढलं.

"रोज सकाळी दहाला, एकदाच. जमतील तेवढी पावलं. किती झाली ते लिहायचं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मी येईन. पाय चालता असला तर जिना शिकवीन. नसला तर तसं सांगीन, मग खुर्ची. ओढून मी कोणाला चालवत नाही."

खुर्ची म्हणजे चाकांची. घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद पडलेली असण्यातच धन्यता मानणारी. चाकांच्या खुर्चीत बसलेला माणूस या घरातून खाली उतरणार नव्हता, हे सांगायला कोणी फिजिओ लागत नव्हती. चौतीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाने उरलेला जन्म खिडकीतून रस्ता बघत काढायचा, हे मुलीला मान्यच नव्हतं.

मुलगी एका कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची. खरं तर लिहायची कमी आणि इतरांनी लिहिलेले तपासायची जास्त. कोणाचाही प्रोग्रॅम तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे आणि ती बसल्या जागी त्यातले चार खडे काढून टेबलावर ठेवत असे. म्हणून कचेरीत तिला 'चाळणी' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

तर या चाळणीने बाबांसाठी एक युक्ती काढली. बाबांना नुसत्या आकड्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना रस्ता हवा होता. आणि घराच्या फाटकापासून पाणीखात्याच्या फाटकापर्यंत बरोबर पाचशे दहा पावलं होतात, हे त्यांनी तिला लहानपणापासून हजारदा ऐकवलं होतं. साठाव्या पावलाला शिंप्याचं दुकान. दोनशेव्याला न्हाव्याची पायरी. दोनशे नव्वदला शाळा, तीनशे साठला ओढ्यावरचा पूल, चारशे तीसला औषधवाला आणि पाचशे दहाला खात्याचं हिरवं फाटक. तेव्हा तिने ठरवलं, बाबा बोळात जी काही पावलं टाकतील त्यांची रोज बेरीज करायची आणि बेरीज या रस्त्यावर कुठवर पोचली ते दाखवायचं. घरातला जुना टॅब बोळात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर टांगला. त्यावर एक रेघ, रेघेवर दुकानं, आणि वर मोठा आकडा. आईने तिच्या फोनवरून दिवसाची पावलं पाठवायची, बास.

"पण तेव्हाची पावलं मोठी होती," बाबा म्हणाले.

"पाऊल ते पाऊल," मुलगी म्हणाली. "फाटकाला मोठं-लहान कळत नाही."

महिन्याच्या तीन तारखेला पहिला दिवस. बाबा चार पावलं चालले. चारच. आईने चार लिहून पाठवलं आणि टॅबवर आकडा उमटला: बारा.

"चाराची बारा?" बाबा खूश झाले. "असं असेल तर आठवड्यात कामावर रुजू होतो."

झालं होतं असं, की आई प्रत्येक बटण दोनदा दाबते. लिफ्टचं, दारावरच्या घंटीचं, मिक्सरचंसुद्धा. गेलं की नाही गेलं, असं तिला वाटतं. त्या दिवशी नेट हळू होतं म्हणून तिने तीनदा दाबलं होतं. मुलगी कामावर निघाली होती, बॅग खांद्यावर होती. तिने उभ्या उभ्या पाच मिनिटांत इलाज केला. आलेले सगळे आकडे तिने आधी एका 'सेट'मध्ये टाकले. सेट हा असा डबा असतो की त्यात एकसारख्या दोन गोष्टी राहत नाहीत. दुसरी टाकायला गेलात तर तो काही न बोलता ती बाहेर ठेवतो. मग डब्यात जे राहील त्यावर 'सम' नावाची मेथड चालवायची, की सगळ्याची बेरीज हातात. एक ओळ. टॅबवर बाराचे चार झाले. वाचणाऱ्याला इथेच काही खटकलं असेल तर त्याने ते मनात ठेवावं. तिला खटकलं नाही. तिला उशीर झाला होता.

पहिले पंधरा दिवस घरात नुसता उत्साह होता. चारावरून सहा, सातावरून नऊ, अकरा, बारा. दहा तारखेला बाबांनी शिंप्याला मागे टाकलं आणि आईने कौतुकाने त्यांना त्यांच्याच शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं. संध्याकाळी मुलगी घरी आली की दारातच विचारायची, "कुठवर आलो?" आणि बाबा पलंगावरून सांगायचे, "शिंप्याच्या पुढे एक मोकळी जागा आहे बघ, तिथे कुत्रं असतं, तिथवर." अठरा तारखेला ते चोवीस पावलं चालले, आणि बेरीज झाली दोनशे. न्हाव्याची पायरी. त्या संध्याकाळी बाबांनी हनुवटीवर हात फिरवला आणि म्हणाले, "आलोच आहे तर दाढी करून जातो."

आणि तिथेच ते राहिले.

एकोणीस तारखेला टॅबवर दोनशे. वीसला दोनशे. एकवीस, बावीस, तेवीस, दोनशे, दोनशे, दोनशे. पहिले दोन दिवस बाबांनी थट्टा केली की न्हाव्याकडे गर्दी आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एव्हाना डोकं दोनदा भादरून झालं असतं." चौथ्या दिवसापासून काही म्हणाले नाहीत. मुलगीही दारातून विचारेनाशी झाली. तिच्या कचेरीत त्या दिवसांत कामाचा डोंगर होता, ती यायची तीच डोक्याला हात लावून, आणि भिंतीवरच्या आकड्याकडे एक नजर टाकून आत जायची. आकडा हलला नाही म्हणजे बाबा चालले नाहीत, किंवा आईने पाठवलं नाही. तिसरं काही असू शकतं, असं तिच्या मनाला शिवलंही नाही.

चोवीस तारखेला तिचा तोल गेला.

"आई, बाबा रोज चालतात ना?"

"चालतात की."

"आणि तू पाठवतेस?"

"पाठवते गं. दोनदा दाबते."

"मग हा आकडा इथेच का चिकटून बसलाय? यंत्र काय खोटं बोलतंय? मी दिवसभर तिकडे मरमर मरते आणि तुम्हाला दहा मिनिटं चालायला होत नाही?"

आईचा चेहरा पडला. ती काहीतरी बोलणार होती, पण आतून बाबांचा आवाज आला, अगदी शांत: "यंत्र कशाला खोटं बोलेल? तिला काही बोलू नकोस गं." मुलीला तेव्हाच समजायला हवं होतं. तिचे बाबा कधी इतके शांतपणे बोलत नसत.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, बुधवारी, ती संध्याकाळी सहाला घरी आली तर टॅब भिंतीकडे तोंड करून टांगलेला. चार पायांची काठी दाराशी, छत्र्यांच्या कोपऱ्यात उभी. आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती, आणि घासलेलीच पुन्हा घासत होती.

"काय झालं?"

"पडले नाहीत," आई घाईघाईने म्हणाली. "पडता पडता राहिले. चपलांच्या स्टुलावर बसवलं मी. म्हणत होते आज काहीही झालं तरी तिशी गाठायची. बावीसला पाय वळला." तिने नळ बंद केला. "उद्या फिजिओबाई येतील. त्यांना सांग म्हणाले, खुर्ची आणा. उद्यापासून चालणार नाहीत."

मुलगी तशीच आत गेली. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. तिने खुर्ची ओढली आणि बाजूला बसली.

"बाबा, तिशी कशाला? फिजिओबाईंनी सांगितलंय, जमतील तेवढी."

"जमतात तेवढी चाललो की. पंचविसावं पाऊल निघत नाही या पायातून. रोज बावीस, फार तर चोवीस. आणि बावीसला तुझ्या यंत्रात काही मिळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? रीडिंग हललं नाही तर वापर शून्य. गेल्या महिन्यात मीटरवर जो आकडा होता तोच या महिन्यात असेल, तर मी वहीत काय लिहायचो? शून्य. घर बंद आहे, लिहायचो. नवा आकडा काढला तरच पुढे सरकायचं, हे माझ्या लक्षात आलंय. कालच्याइतकंच आज चाललं तर ते चालणं नव्हे. बरोबरच आहे ते. पण मला आता नवा आकडा निघत नाही पोरी."

"बाबा, तुम्ही रोज चालत होतात?"

"एक दिवस खाडा नाही."

"मग मी त्या दिवशी ओरडले तेव्हा बोलला का नाहीत?"

बाबा म्हणाले, "काय बोलू? चौतीस वर्षं लोक दारात उभे राहून माझ्याशी भांडले. म्हणायचे, काका, आम्ही गावालाच होतो, एवढं पाणी वापरलंच नाही, तुमचं मीटर खोटं आहे. मी एकच उत्तर द्यायचो. मीटर खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. आता मीच कोणत्या तोंडाने म्हणू, की बाई, माझं मीटर खोटं आहे?"

बाबांनीच पुढे चालू केलं, कारण मनात एक काटा होता तो त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

"एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात बसत नाही. सव्वीस तारखेला मला सर्दी-ताप होता. कशीबशी पाच पावलं टाकली आणि परत फिरलो. तुझी आई म्हणाली आज पाठवायलाच नको, लाज वाटते. मी म्हटलं पाठव. आणि त्या दिवशी तुझा आकडा हलला! दोनशेचा दोनशे पाच झाला. बावीसला ढिम्म, आणि पाचाला हलला. नळ पूर्ण सोडला तर काटा थांबतो आणि थेंब थेंब गळला तर फिरतो, असं मीटर मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. माझ्या हद्दीत सापडलं असतं तर त्याच दिवशी उतरवून दुरुस्तीला नेलं असतं."

मुलगी खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली. पाच. पाच हा आकडा याआधी कधी आलाच नव्हता. चार आला होता, सहा आला होता, पाच नाही. बावीस आला होता. एकदा. आणि मग तो कितीही वेळा येवो, डब्याने त्याला काही न बोलता बाहेर ठेवलं होतं. आईचं दुसऱ्यांदा दाबलेलं बटण आणि बाबांचा दुसरा दिवस, तिच्या त्या एका ओळीला दोन्ही सारखेच होते.

दुसऱ्या कोणी असा प्रोग्रॅम तपासायला आणला असता तर तिने दहा सेकंदांत बोट ठेवलं असतं आणि वर, शाळेत परत जा, असंही म्हटलं असतं.

"बाबा," ती म्हणाली, "मीटर खोटं आहे."

"काय?"

"माझं मीटर खोटं आहे. मीच बसवलं, चुकीचं बसवलं. तुम्ही चालत होतात आणि ते मोजत नव्हतं. आणि मी तुम्हालाच..." तिने सरळ सांगून टाकलं. "चुकले मी. तुमचं दोघांचं काही चुकलं नाही. मी उगाच ओरडले."

आई दाराशी येऊन उभी होती, ओले हात पदराला पुसत. "माझ्या दोनदा दाबण्याने झालं का गं?" तिने घाबरून विचारलं.

"नाही आई. तुझ्या दाबण्यावर मी जो इलाज केला त्याने झालं."

बाबा मात्र अजून संशयात होते. मीटर खोटं आहे असं म्हणणारी माणसं त्यांनी हजारो पाहिली होती. एवढ्याने ते बधणारे नव्हते. "कशावरून?" ते म्हणाले. "पुरावा काय?"

पुरावा होता. आकडा फोनवर पाठवण्याआधी आई तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवायची. तीन तारखेपासून एकतीस तारखेपर्यंत एकही चौकोन रिकामा नव्हता. एवढे दिवस ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं, आणि त्याची बेरीज कोणी केली नव्हती, कारण बेरीज करायला यंत्र होतं.

मुलीने लॅपटॉप उघडला. आता तिने आकड्याला एकटं सोडलं नाही. प्रत्येक आकड्याच्या गळ्यात त्याची तारीख बांधली. एका तारखेचं एकदाच घ्यायचं, आईने बटण कितीही वेळा दाबलं तरी. पण दोन वेगळ्या तारखांना बावीस आले तर ते दोन बावीस. मग सगळे एका यादीत, आणि यादीवर तीच ती 'सम'. बिचारीचा दोष कधीच नव्हता, तिला जे दिलं होतं त्याची बेरीज तिने चोख केली होती. आकडा आला. मुलीने तो कोणाला सांगितला नाही. आज तिचा स्वतःवर काडीचा भरवसा नव्हता.

"बाबा, पडताळा करू या," ती म्हणाली.

बाबांनी पहिल्यांदा मान पूर्ण वळवून तिच्याकडे पाहिलं.

पाणीखात्यात महिनाअखेरीला पडताळा व्हायचा. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने वहीतून आकडा वाचायचा, दुसऱ्याने आपल्या कागदावर त्या आकड्यावर बोट ठेवायचं आणि 'आहे' म्हणायचं. नुसती मान हलवलेली चालत नसे. ज्याच्यावर 'आहे' म्हटलं नाही ते रीडिंग धरत नसत. लहानपणी मुलगी बाबांबरोबर हा खेळ तिच्या शाळेच्या वह्यांवर खेळली होती.

आईने कॅलेंडर काढून आणलं आणि बाबांच्या मांडीवर ठेवलं. स्वतः पेन्सिल आणि जुनं पाकीट घेऊन पलंगाच्या कडेवर बसली, बेरजेला.

"तीन तारीख, चार," मुलीने वाचलं.

बाबांनी बोट ठेवलं. "आहे."

"चार तारीख, सहा."

"आहे."

"पाच तारीख, सात. सहा तारीख, नऊ. सात तारीख, नऊ."

"आहे. आहे. आहे." बाबा थांबले. "म्हणजे हा दुसरा नऊ तेव्हाच गेला होता?"

"तेव्हाच. कळलं नाही कोणाला."

बाबांच्या बोटाने त्या चौकोनावर जरा जास्तच जोर दिला. मग पुढे निघाले. अकरा, बारा, चौदा, दोनदा पंधरा. आई पेन्सिलीने एकाखाली एक मांडत होती. अठरा तारीख, चोवीस, आहे. इथे न्हाव्याची पायरी होती. इथून पुढे मुलगी जरा सावकाश वाचायला लागली.

"एकोणीस तारीख, बावीस."

"आहे."

"वीस तारीख, बावीस."

"आहे."

"एकवीस तारीख, एकवीस."

"आहे. त्या दिवशी घरात पाहुणे होते," बाबा म्हणाले, "त्यांच्यादेखत चाललो." बोटाखाली आलेला प्रत्येक चौकोन आता त्यांना दिवसासकट आठवायला लागला. अमुक दिवशी कठडा ओलसर होता. अमुक दिवशी आईने मागून धरलं नव्हतं, नुसता हात लावल्यासारखं केलं होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. मुलगी वाचत होती आणि बाबा एकेका दिवसावर शिक्का मारल्यासारखे म्हणत होते, आहे, आहे. सव्वीस तारीख, पाच. "आहे, आहे, त्याचे उपकार आहेत," बाबा म्हणाले आणि आईला हसू फुटलं. तीसला बावीस. एकतीसला, आज सकाळी, चपलांच्या स्टुलावर संपलेले बावीस.

"आहे," बाबा म्हणाले.

आईने दोनदा बेरीज केली, कारण आई सगळं दोनदा करते. मग पाकिटावरून वर पाहिलं. "चारशे त्र्याण्णव."

मुलीने लॅपटॉप वळवून दोघांना दाखवला. चारशे त्र्याण्णव.

बाबांच्या डोळ्यांसमोर रस्ता उभा राहिला असावा, कारण त्यांचे ओठ हलत होते. शाळा गेली. पूल गेला. औषधवाला गेला. "म्हणजे मी एवढे दिवस न्हाव्याकडे नव्हतोच," ते अखेर म्हणाले.

"नाही. मी तुम्हाला तिथे बसवून ठेवलं होतं. तुम्ही कधीच पुढे गेला होतात."

"त्र्याण्णव म्हणजे..." त्यांनी डाव्या हाताची बोटं मोजली. "सतरा राहिली. सतरा पावलांवरून खात्याच्या पंपाचा आवाज येतो." आणि त्यांचे डोळे भरले. त्यांनी ते लपवलेही नाहीत. "अगं," ते आईला म्हणाले, "ती काठी तिकडे छत्र्यांत काय करतेय? पलंगाशी आणून ठेव. उद्या सकाळी शोधत बसायला वेळ नाही मला."

दुसऱ्या दिवशी, एक तारखेला, मुलीने कचेरीत कळवलं की आज उशिरा येईन. कारण विचारलं तेव्हा तिने सांगितलं, माझ्या एका प्रोग्रॅममध्ये चूक निघाली आहे. पलीकडच्याने ते पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं.

दहाला पाच कमी असताना फिजिओबाई आल्या. आईने त्यांना सगळी हकिकत ऐकवली, चहाच्या आधीच. बाईंना बेरजेत काही रस नव्हता. त्यांनी कॅलेंडर हातात घेतलं, शेवटच्या दोन ओळींवरून नजर फिरवली आणि दणदणीत आवाजात म्हणाल्या, "तापाचा दिवस सोडला तर दोन आठवडे बावीसच्या आसपास? रोज? मग हा पाय ठरला की हो! एक दिवस तीस आणि दुसऱ्या दिवशी आठ, असा पाय घेऊन मी काय करू? जिन्याला रोज तेवढंच उचलणारा पाय लागतो. चला, दाखवा."

बाबा उठले. डावा हात कठड्यावर, उजवा काठीवर, आई मागे. मुलगी बोळाच्या दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. कोणी मोठ्याने मोजायचं नाही, असा बाबांचा नियम होता. मोजायला लागलं की पाय लाजतो, असं ते म्हणत. म्हणून सगळी मनातल्या मनात मोजत होती, आणि चौघांचे ओठ एकदमच हलत होते. कालचा थकवा पायात होता; तो दिसत होता. बाराव्या पावलाला ते थांबले, कठडा घट्ट धरला, श्वास घेतला. मुलीने पुढे व्हायला पाऊल उचललं आणि बाईंनी तिचा दंड धरून ठेवला. तेरा. चौदा. सतराव्या पावलाला बाबांनी मान वर केली.

"फाटक," ते म्हणाले.

आईने मागून नाक ओढल्याचा आवाज आला. बाबा उभे होते. थांबले असते तरी चाललं असतं, खुर्ची आता कोणाच्याच डोक्यात नव्हती. पण त्यांनी काठी पुढे टाकली. अठरा. एकोणीस. वीस. एकवीस. बावीस. मग तिथेच, मुलीपासून हातभर अंतरावर, ते थांबले, आणि घामाने डबडबलेल्या तोंडाने हसले.

"पाच पावलं आत आलोय," ते म्हणाले. "कोणी ओळखीचं दिसतं का बघतो."

"उद्यापासून जिना," फिजिओबाईंनी जाहीर केलं. "पहिली पायरी. एकच. आणि परवाही तीच पायरी, तक्रार चालणार नाही."

मुलीने भिंतीवरचा टॅब सरळ केला. आईने चष्मा लावला, नव्या महिन्याच्या पहिल्या चौकोनात बावीस लिहिले, मग फोनवर बावीस लिहिले आणि बटण दाबलं. क्षणभर थांबली. मुलीकडे चोरून पाहिलं.

"दाब," मुलगी म्हणाली. "जितक्यांदा दाबायचं तितक्यांदा दाब."

आईने पुन्हा दाबलं. टॅबवर आकडा बदलला, एकदाच: पाचशे पंधरा. मुलीने तारीख आणि आकडा मोठ्याने वाचला. बाबांनी कठड्यावरचा हात सोडला, दोन पायांवर आणि एका काठीवर उभे राहिले, आणि मोकळं बोट आकड्यावर ठेवलं.

"आहे," ते म्हणाले.